आधी प्रार्थना, मग ब्लँकेट?

"ताई, आम्ही श्रीरामपूर तालुक्यातलं कॅथलिक कुटुंब. तीन वर्षं झाली, नाताळच्या सकाळची मिस्सा आटोपली की ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, ब्लँकेट आणि केक घेऊन जातो. सासूबाई आधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना घेतात, बाळ येशूचं चित्र देतात, मग वाटप. गेल्या वर्षी एका तरुणाने विचारलं, 'आमची नावं लिहून नेणार का?' माझी सोळा वर्षांची मुलगी तिथेच रडवेली झाली. निघताना एका बाईने कोरा चहा पुढे केला, पण आम्हाला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, 'ती माणसं ब्लँकेटसाठी उभी होती, प्रार्थनेसाठी नाही. मी पुन्हा येणार नाही.' सासूबाई म्हणतात, 'ज्याच्या नावाने द्यायचं त्याचंच नाव घ्यायचं नाही, तर नाताळ कसला?' नवरा म्हणतो, दिवस बरे नाहीत, जाणंच बंद करू. मी काय करू? — एक आई"

प्रिय ताई,

जाणं बंद करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी तुमच्या धर्माची नाही. पण साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत, तीन हंगाम शिकवलं आहे, त्यामुळे कोपी आतून पाहिली आहे. तिथल्या बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. भाकरी थापायच्या, तान्हं पोर काखोटीला मारायचं आणि नवऱ्याबरोबर उसाच्या फडात जायचं. हिशेबात नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता'. आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम त्यांचा नसतो, आणि कामाचा एक दिवस चुकला की खाडा मांडला जातो. २५ डिसेंबरची सुट्टी तिथे कोण देणार? तुम्ही मिस्सा आटोपून पोचता तेव्हा कोपीवर असतात धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या पोरी, म्हातारी माणसं, एखादी दिवस भरत आलेली बाई. बाकीचे आलेच तर काम टाकून येतात.

आणि थंडीने काकडणारं माणूस ब्लँकेट घेऊन आलेल्याला 'नको' म्हणूच शकत नाही. मग त्याच्या जोडलेल्या हातांना त्याची मर्जी कसं म्हणायचं? तुमच्या लेकीला हेच दिसलं. तुम्ही तिला दिलेल्या श्रद्धेमुळेच ते दिसलं, असं मला वाटतं. तिला उद्धट ठरवू नका.

सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. गळ्यातला क्रूस पदराआड करून, 'असंच समाजकार्य करतो' म्हणत जाणं ही लबाडी झाली असती, आणि कोपीवरच्या बायकांना असली लबाडी लगेच कळते.

हा पेच जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवायचं, त्यांच्या धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. मला रमाबाईंचं दार लावून न घेणं पटतं. त्या पालकांची भीतीही समजते. जिचा निवाराच तुमच्या छपराखाली आहे, तिला उघडं दार हे बोलावणंच वाटू शकतं. 'नावं लिहून नेणार का' विचारणारा तरुण त्याच भीतीने बोलला. त्याचा राग धरू नका.

म्हणून देणं आणि सांगणं यांची गाठ सोडा. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात, नोव्हेंबरातच रात्री गारठा पडतो. ब्लँकेट तेव्हाच एका संध्याकाळी देऊन या. प्रार्थना नको, चित्र नको, फोटो तर मुळीच नको. त्याआधी बायकांना विचारा, काय हवंय. मी विचारायची तेव्हा आधी यायचं ते अंघोळीला आडोसा, रात्रीचा उजेड, प्यायचं पाणी. गावातल्या आशाताईंना सोबत न्या. फिरतीवरच्या पोरांचे लसीचे डोस चुकलेले असतात, आणि पोटुशी बाई तिच्या गावच्या यादीत राहिलेली असते, इथल्या यादीत आलेली नसते. तुम्ही गोठ्यात बाळंत झालेल्या मारियेचा सण करता. कोपीतल्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर गाडीसाठी तुमच्या यजमानांचा नंबर तिच्याकडे असावा, याहून मोठी सेवा मला सुचत नाही. यजमान घाबरले आहेत ना? त्यांना हे काम द्या.

मग नाताळच्या दिवशी? दिवेलागणीनंतर जा, फड सुटल्यावर. वाटप करायला नव्हे, भेटायला. घरच्या करंज्या न्या, जशा शेजारी नेता. (आमच्या घरून दिवाळीचं ताट ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जायचं आणि नाताळात भरून परत यायचं. तेव्हापासून कुणाचं ताट रिकामं परत करायला माझा हात धजत नाही.) कुणी विचारलं, आज काय विशेष, तर सासूबाईंनी खुशाल सांगावं की आज आमचा येशू जन्मला. नावनोंदणीसाठी मारिया आणि योसेफ घर सोडून गेले, उतरायला जागा मिळाली नाही, हेही सांगावं. गाव सोडून आलेल्या बाईला ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. कुणी विचारलंच नाही, तर प्रार्थना मनातल्या मनात.

हे सासूबाईंना जड जाईल. तुम्ही वाद घालू नका, नातीलाच त्यांच्याजवळ बसू द्या. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असं म्हटलं आहे. नातीने ते आजीला वाचून दाखवावं आणि 'विचारणाऱ्याला' या शब्दावर बोट ठेवावं. नातीचा राग आणि आजीचा हट्ट दोन्ही एकाच प्रेमातून आले आहेत. दोघी एकत्र वाचायला बसल्या तर ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

आणि तो चहा. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दूध नसतानाही तिने तुम्हाला पाहुणे मानलं, आणि तुम्ही पुढच्या वाटपाला निघालात. ती यंदा तिथेच भेटेल असं नाही, टोळ्या बदलतात. तरी विचारून बघा. भेटली तर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर टेका, सासूबाईंना खाली बसवत नसेल तर बाज मागून घ्या, आणि लेकीला सांगा, चहा आवडला तर अजून अर्धा कप माग.