तीन-चार महिन्यांच्या निवासी पुनर्वसनाने मुलगा खरोखर सुधारतो का?

आपला प्रश्न असा आहे की, गुन्ह्यात सापडलेल्या पुतण्याला न्यायालय तीन-चार महिन्यांच्या निवासी पुनर्वसन कार्यक्रमात पाठवण्याच्या विचारात आहे, तर एवढ्या थोड्या काळात त्याच्यात काय फरक पडणार, आणि मुदत वाढवून मागणे हिताचे ठरेल का. अशाच एका कार्यक्रमात समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर माझे स्पष्ट मत झाले आहे की मुदत वाढवून मागू नये, आणि ती शक्ती मुलाच्या परतीच्या तयारीवर खर्च करावी.

मुदतीबद्दल चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत फिनिक्स आणि फिलाडेल्फिया येथील गंभीर गुन्ह्यांतील 1,354 किशोरवयीनांचा सात वर्षे पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा साधारण 3 ते 13 महिन्यांच्या टप्प्यात संस्थेतील मुक्काम लांबवल्याने पुढील गुन्हेगारी कमी होते असे आढळले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतही, मुलाला डांबून ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि तोही योग्य ठरेल अशा कमीत कमी काळासाठी असावा, असे कलम 37 मध्ये नमूद आहे.

ही कल्पना नवीनही नाही. न्यू जर्सीत 1950 साली हायफील्ड्स नावाचा प्रकल्प सुरू झाला, तो चार्ल्स लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाच्या पूर्वीच्या घरात. सोळा-सतरा वर्षांची सुमारे वीस मुले एका वेळी तेथे राहत, दिवसा जवळच्या मनोरुग्णालयात काम करीत आणि संध्याकाळी गटागटाने बसून एकमेकांच्या वागण्याची चिकित्सा करीत. चार महिन्यांच्या आसपास त्यांची सुटका होई. मोठ्या सुधारगृहातील मुलांच्या तुलनेत त्यांचे निकाल चांगले दिसले. मात्र कोणत्या मुलाने कुठे जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, म्हणजे तेथे मुळातच सुधारण्याजोगी मुले गेलेली असू शकतात, त्यामुळे त्या आकड्यांवर फार भार टाकणे मला योग्य वाटत नाही. टिकली ती गटचर्चेची पद्धत, आणि आजच्या अनेक अल्पमुदतीच्या कार्यक्रमांचा तीच कणा आहे.

ही चर्चा प्रत्यक्षात कशी चालते, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. दुचाकी चोरीच्या प्रकरणातील एक मुलगा पहिले काही आठवडे एकच वाक्य म्हणत असे : “मी नुसता बाजूला उभा होतो.” मी त्याला काहीही विचारले तरी तो खाली मान घालून बसे. एका संध्याकाळी समोरच्या मुलाने त्याला शांतपणे विचारले, “मग गाडीची चावी तुझ्याकडे कशी आली?” तो चिडला, उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन त्याने सगळे क्रमवार सांगितले. मोठ्या माणसाच्या तोंडी तो प्रश्न उलटतपासणी ठरला असता. त्याच वाटेने आलेल्या मुलाने विचारला म्हणून तो टाळता आला नाही.

हीच समवयस्कांची ताकद उलटूही शकते, आणि हा धोका मी हलका मानत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की बिघडलेली मुले एकत्र आली आणि मारामारीच्या बढायांना हशा मिळू लागला, की त्या हशानेच वाईट वागणे पक्के होत जाते. म्हणून गट लहान आहे का, गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का, आणि रात्री वसतिगृहात मुलांजवळ कोण जागे असते, हे पाहणे फार आवश्यक आहे. लष्करी कवायतीच्या धाकावर किंवा तुरुंग दाखवून भीती घालण्यावर आधारलेल्या कार्यक्रमांपासून मात्र दूरच राहावे. कवायतीच्या शिबिरांचा पुनर्गुन्ह्यावर परिणाम होत नाही, आणि तुरुंग दाखवण्याने तर गुन्हे वाढल्याचेच आढळले आहे.

आता परतीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने सगळे येथेच ठरते. संस्थेत मुलगा वेळेवर उठतो, अंथरूण घडी करून ठेवतो, नम्रपणे बोलतो, आणि भेटीला आलेले आईवडील सुखावतात. पण त्या वागण्यातला मोठा भाग त्या जागेच्या शिस्तीचा असतो. घरी जुनी संगत तशीच असते, शाळेतील नाव कधी कधी कमी झालेले असते आणि वडिलांशी असलेला अबोलाही संपलेला नसतो. आम्ही पहिल्याच आठवड्यात मुलाला घरी गेल्यानंतरच्या आठवड्याचा तक्ता लिहायला बसवत असू. शाळेची वेळ तो पटकन भरतो, पण संध्याकाळी सहा ते दहा हा रकाना रिकामा राहतो, आणि माझ्या पाहण्यातल्या अनेकांचा गुन्हा त्याच वेळेतला असतो. तो रकाना भरण्यासाठी घरच्यांना बोलवावे लागते, शाळेशी पत्रव्यवहार करावा लागतो, कामाची किंवा खेळाची जागा शोधावी लागते, आणि ह्यात तीन महिने सहज जातात, म्हणूनच सुरुवात पहिल्या आठवड्यात करावी लागते. सुटकेपूर्वी दोन-तीनदा मुलाला घरी राहायला पाठवणे मला अत्यंत मोलाचे वाटते. तिथे भांडण झाले तर फारच उत्तम, कारण ते घेऊन तो परत येतो आणि गटात त्यावर काम करता येते.

हेही सांगायला हवे की प्रत्येक मुलाला निवासी कार्यक्रमाची गरज नसते. अपराध किरकोळ असेल आणि घर सांभाळणारे असेल, तर संपूर्ण कुटुंबाबरोबर घरीच केलेले समुपदेशन अधिक योग्य ठरते. व्यसन खोलवर गेलेले असेल, तर त्यावरील उपचार कार्यक्रमात आहेत का आणि त्यांत कुटुंबाला सहभागी करून घेतात का, हे आधीच तपासावे.

संस्थेत चौकशीला जाल तेव्हा इमारत, जेवण आणि सुरक्षितता पाहाच. शिवाय मुलगा घरी आल्यावर पुढचे सहा महिने नेमकी कोणती व्यक्ती त्याच्याकडे येणार, किती वेळा येणार आणि तो शाळेत गेला नाही तर तिला ते कोण कळवणार, हे विचारा. नाव आणि वेळ सांगता येत नसेल, तर ती व्यवस्था लेखी मिळावी अशी विनंती आपल्या वकिलांमार्फत न्यायालयाला आदेश होण्यापूर्वीच करा.