फ्लाइट त्यांनी रद्द केली, मग कॅन्सलचं बटण तुम्ही का दाबता?

मे महिन्याची तिकिटं लोक जानेवारीत काढतात आणि एप्रिल उजाडला की माझा मेलबॉक्स भरायला लागतो. प्रश्न दरवर्षी तोच असतो, फक्त गाव बदलतं: पहिली फ्लाइट रद्द झाली, पुढची जागेवर आहे, आता काय? वीस वर्षं मी तिकीट काउंटरच्या आतल्या बाजूला बसले, आता बाहेर बसून सल्ला देते, त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या माहीत आहेत. एकाच गोष्टीवर पन्नास मेल लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते, आधी तुमचा प्रश्न आणि खाली माझं उत्तर. पण आधीच सांगते, तुमचा तिकिटाचा कागद मी बघितलेला नाही, त्यामुळे पैसे अडकवायच्या आधी तो कुणा जाणकाराला दाखवा.

आमचं नागपूर–मुंबई–बाली असं एकच बुकिंग आहे. निघायला वीस दिवस असताना मेसेज आला की नागपूरची सकाळची फ्लाइट रद्द, तुम्हाला संध्याकाळच्या फ्लाइटवर टाकलंय. पण संध्याकाळी मुंबईत पोचेपर्यंत बालीचं विमान उडालेलं असेल! ॲपवर 'ॲक्सेप्ट' येतंय, दाबू का?

नाही, अजिबात दाबू नका. ही अदलाबदल माणसाने केलेली नसते, सिस्टीमने रात्री कधीतरी केलेली असते आणि तिला पुढचं कनेक्शन दिसलंच असेल असं नाही. तुम्ही ॲक्सेप्ट केलंत की मात्र ते 'प्रवाशाला मान्य' झालं आणि मग फोनवर भांडताना पहिलं वाक्य तेच ऐकवतात. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिचा नियम असा आहे की फ्लाइट रद्द झाली तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, आणि यातलं काय हवं ते प्रवाशाच्या पसंतीने. एअरलाइनच्या नाही.

फोन करताना पर्याय आपणच शोधून ठेवायचा. "काहीतरी करा हो" म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. आदल्या रात्रीची नागपूर–मुंबई बघा, दिल्लीमार्गे काही जमतं का बघा, फ्लाइट नंबर आणि तारीख सांगून "यावर टाका" म्हणा. आदल्या रात्री आलात तर मुंबईतल्या हॉटेलचे पैसेही मागून बघा, पण एवढं आधी कळवलं असेल तर ते देतीलच असं नाही. काहीच जमलं नाही तर नागपूर–मुंबई तुकड्याचा नाही, पूर्ण तिकिटाचा रिफंड मागा. नवीन मार्ग सिंगापूर किंवा आणखी कुठून दिला तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते हो म्हणायच्या आधी विचारा, नंतर नाही.

तिकीट नॉन-रिफंडेबल आहे. एअरलाइनने रद्द केलं तर पैसे परत मिळतात का?

हो. नॉन-रिफंडेबल म्हणजे तुम्ही रद्द केलंत तर. फक्त घाबरून त्यांच्या आधी तुम्ही कॅन्सल करू नका, मग तुमच्या हातात फक्त विमानतळाचे चार्जेस उरतात.

गोव्याहून बँकॉकला जायचं होतं. एका पोर्टलवर मोपा–मुंबई–बँकॉक 'कनेक्टिंग' म्हणून स्वस्तात मिळालं. मोपाची फ्लाइट दुपारी रद्द झाली, रात्रीची बँकॉक चुकली. पहिल्या एअरलाइनने २,८०० रुपये परत केले, दुसरी म्हणते तुम्ही नो-शो आहात. पोर्टल फोन उचलत नाही. आम्ही चौघं होतो.

हा मेल वाचून मी पाच मिनिटं पंखा बघत बसले. कारण ही गोष्ट मी जिथे मिळेल तिथे ओरडून सांगते आणि तरी दर आठवड्याला एक घर यात सापडतंच.

तुम्ही कनेक्टिंग फ्लाइट घेतलीच नव्हती. दोन वेगळी तिकिटं घेतली होती, जी पोर्टलने एका पानावर शेजारी शेजारी दाखवली. खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' किंवा 'व्हर्च्युअल इंटरलाइन' असलं काहीतरी लिहिलेलं असणार, ते कोण वाचतंय. पण कायद्याच्या दृष्टीने फरक जमीन-अस्मानाचा आहे. एका तिकिटावर मोपा ते बँकॉक असतं तर तुम्हाला बँकॉकला पोचवणं हे त्यांचं काम होतं, उद्या नाहीतर परवा, या विमानाने नाहीतर त्या. दोन तिकिटं असली की पहिल्या कंपनीचं काम मुंबईत संपतं, आणि दुसरी म्हणते आमचं विमान तर वेळेवर उडालं, तुम्हीच आला नाहीत. तिच्या जागी मी असते तरी कागदावर तेच म्हटलं असतं.

ओळखायचं कसं ते एकदा नीट बघून घ्या. मोठ्या एअरलाइनच्या ई-तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचा १३ आकडी तिकीट नंबर असतो, पहिले तीन आकडे एअरलाइनचे, उदाहरणार्थ ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ म्हणजे एमिरेट्स. सगळ्या टप्प्यांना तोच नंबर असेल तर तुम्ही सुरक्षित. बजेट एअरलाइनवर असा नंबर बहुतेकदा नसतो, तिथे सहा अक्षरी पीएनआर बघायचा आणि त्या पीएनआरवर एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर दोन्ही फ्लाइट दिसतात का ते तपासायचं. पोर्टलचा स्वतःचा बुकिंग आयडी एकच असतो, त्याला भुलू नका, तो त्यांच्या हिशेबाचा नंबर आहे. आणि मोपाला बॅग टाकताना टॅगवर बँकॉक छापून येतंय की मुंबई, तेही बोलकं असतं.

आता मुंबईकडे बघा. पूर्वी सांताक्रूझचं टी१ आणि सहारचं टी२ एवढीच पळापळ होती. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, म्हणजे पोर्टलने तुम्हाला नवी मुंबईला उतरवून टी२ वरून बँकॉकला बसवलं तर मधे वाशीची खाडी आणि अख्खं चेंबूर-कुर्ला येतं, तेही संध्याकाळी सहा वाजता, चार बॅगा आणि झोपलेलं मूल घेऊन. गोव्यातही तोच घोळ, येताना मोपा आणि जाताना दाबोळी अशी तिकिटं काढलेले लोक मी बघितलेत. स्क्रीनवर फक्त 'मुंबई' आणि 'गोवा' वाचून पैसे भरायचे नाहीत, विमानतळाचं नाव वाचायचं.

तुमचं काय? बुकिंग करतानाचं पान, जाहिरात, पोर्टलचा कन्फर्मेशन मेल, जिथे जिथे 'कनेक्टिंग' शब्द आहे त्याचे स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या पान बदललेलं असेल. काही पोर्टल यासाठी वेगळी 'कनेक्शन गॅरंटी' विकतात, ती घेतली होती का बघा, पण तिच्यात कळवायची मुदत फार कमी असते. बँकॉकच्या न वापरलेल्या तिकिटांवरचे विमानतळाचे चार्जेस परत मागा, ते नो-शोलाही मिळतात. पोर्टलने दिशाभूल केली म्हणून आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग हा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. पण दोन वर्षं आहेत म्हणून बसून राहू नका, आणि अर्ज करायच्या आधी ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेला किंवा वकिलाला कागद दाखवा.

कोल्हापूर–मुंबई–श्रीनगर एकाच पीएनआरवर आहे. कोल्हापूरचं विमान रद्द झालं तर आम्ही सरळ गाडी काढून मुंबई गाठतो आणि पुढचं विमान पकडतो, चालेल ना?

चालेल, पण न विचारता नाही. पहिल्या टप्प्याला तुम्ही दिसला नाहीत तर बऱ्याच सिस्टीम पुढचे सगळे टप्पे आपोआप उडवतात. गाडी काढायच्या आधी एअरलाइनला फोन करून "पहिला टप्पा तुम्ही रद्द केलाय, आम्ही मुंबईहून चढतोय, तिकीट तसं रीइश्यू करा" म्हणा आणि नवीन तिकीट मेलवर आलं की मग स्टार्टर मारा. परतीचं तिकीट शाबूत आहे का तेही त्याच फोनवर विचारा. कोल्हापूरच्या टप्प्याचे पैसे आणि गाडीचा खर्च लेखी मागून ठेवा.

फ्लाइट रद्द झाली की प्रत्येकी १०,००० मिळतात असा मेसेज फिरतोय. आम्हाला तर काहीच दिलं नाही.

तो फॉरवर्ड मलाही सहा ग्रुपवर आलाय. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत रिफंड द्यायला सांगितलं, आणि ज्यांना जास्त फटका बसला त्यांना कंपनीने १०,००० चं ट्रॅव्हल व्हाउचर जाहीर केलं. ते त्या प्रसंगापुरतं होतं. लोकांनी त्याचा सरसकट कायदाच करून टाकला.

मूळ नियम वेगळा आहे. २४ तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना कळवलं, किंवा कळवलंच नाही, तर देशातल्या नियमाप्रमाणे भरपाईचा प्रश्न येतो, आणि त्याच तिकिटावरचं पुढचं कनेक्शन त्यामुळे चुकलं तरी येतो. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,०००, एक ते दोन तास ७,५००, त्याहून जास्त १०,०००. पण थांबा, हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे तुम्ही सेलमध्ये १,९०० मूळ भाड्याचं तिकीट काढलं असेल तर १०,००० ची स्वप्नं बघू नका. ही भरपाई रिफंडशिवाय वेगळी असते. आणि हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप, सुरक्षा असलं कारण असेल तर ती नाही. 'ऑपरेशनल रीझन' हे मात्र कारण नसून पांघरूण आहे, नेमकं कारण मेलवर लेखी मागा. बुकिंगमध्ये एजंटचा मोबाइल नंबर टाकला असेल तर "आम्ही कळवलं होतं" म्हणून हात वर करतात, तेव्हा नंबर स्वतःचा टाका. रद्द झाल्याने विमानतळावर ताटकळत बसावं लागलं तर खाणंपिणं आणि गरज पडली तर हॉटेल मागा, काउंटरवर मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

रिफंडऐवजी व्हाउचर घेतलं तर वर थोडे जास्त देतायत. घ्यावं का?

मी घेणार नाही. एअरलाइनकडे पैसे ठेवायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, असं डीजीसीएने स्पष्ट लिहिलंय, म्हणजे क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी एअरलाइनकडेच ठेवलेले पैसे) तुमच्या गळ्यात आपोआप मारता येत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बसली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, आणि दोन्ही शेवटी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्यात गेल्या. ज्यांचे पैसे आत होते ते घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँकांच्या मागे. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर रिफंड सात दिवसांत द्यायचा नियम आहे, नाही आला तर कार्डाच्या बँकेला चार्जबॅकबद्दल (बँकेमार्फत पैसे परत खेचण्याबद्दल) लगेच विचारा, त्याचीही मुदत असते.

पोर्टल म्हणतं एअरलाइनकडून पैसे आले नाहीत, एअरलाइन म्हणते पोर्टलला दिले.

जबाबदारी एअरलाइनची. एजंट आणि पोर्टल हे त्यांचे प्रतिनिधी धरलेत. दोघांना एकाच मेलमध्ये टाका, नाही हललं तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा.

पॅरिसहून दुबईमार्गे मुंबईला येताना पॅरिसची फ्लाइट आदल्या दिवशी रद्द झाली. मित्र म्हणतो ६०० युरो मिळतात, पण एक कंपनी त्यातला हिस्सा घेऊन मिळवून देते म्हणे.

यावेळी मित्र बरोबर असू शकतो. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला २००४ चा २६१ नंबरचा नियम लागतो, मग ती आखाती का असेना, आणि एकाच बुकिंगवर असेल तर अंतर मुंबईपर्यंतचं धरतात. ३,५०० किलोमीटरच्या वर ६०० युरो, पण १४ दिवसांपेक्षा कमी आधी कळवलेलं हवं, कारण 'असाधारण' नको, आणि दुसऱ्या फ्लाइटने किती उशिरा पोचलात तेही बघतात. जाताना, म्हणजे मुंबईहून दुबईमार्गे त्याच आखाती कंपनीने, हा नियम लागत नाही. ब्रिटनचा नियम वेगळा, पौंडात. अमेरिकेत रिफंड मिळतो, असा भरपाईचा तक्ता नाही.

त्या कंपनीला हिस्सा कशाला? एअरलाइनच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, फुकट असतो, बोर्डिंग पास आणि रद्दचा मेल जोडा आणि पाठवा. नकार आला तर मग बघू, तेव्हा तिथल्या नियमन संस्थेकडे जाता येतं.

गूगलवर मिळालेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन केला. ते म्हणतात रिफंडसाठी एक ॲप टाका.

फोन ठेवा, ॲप काढा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच. नंबर नेहमी तिकिटावरचा.

पहिली फ्लाइट रद्द झाल्याचं काल कळलं. आज ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला तर पुढचं हॉटेल कव्हर होईल का?

नाही, कळलेल्या गोष्टीवर विमा मिळत नाही. पुढच्या वेळी तिकिटाबरोबरच काढा, आणि 'मिस्ड कनेक्शन' कव्हर किती तासांनंतर लागतं, दोन वेगळ्या तिकिटांना लागतं का, हे दोन प्रश्न विमा कंपनीला मेलवर विचारून उत्तर लेखी घ्या.