पान लागल्यावर आधी कुठे न्यावे?

ताई, आपण विचारले आहे की आपल्या गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर आणि यवतमाळचे शासकीय रुग्णालय ७० किलोमीटरवर असताना, रात्री कुणाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर मध्ये न थांबता थेट यवतमाळ गाठावे का. याच भागात आरोग्य सेवक म्हणून २७ पावसाळे काढल्यावर माझे उत्तर असे आहे की, केंद्रात डॉक्टर आणि सापाची लस दोन्ही असतील तर पहिली धाव तिथेच घ्यावी, आणि पुढे जाण्याचा निर्णय पहिली मात्रा दिल्यानंतर डॉक्टरांना घेऊ द्यावा.

आपण जिला लस म्हणतो ते प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच असते आणि शासकीय दवाखान्यात ते मोफत मिळते. सुरुवातीला साधारणपणे १० कुप्या शिरेतून देतात आणि लहान मुलालाही तेवढीच मात्रा लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. नसांच्या टोकांचे जे नुकसान मण्यारीच्या विषाने आधीच करून ठेवलेले असते, ते मात्र त्याने भरून निघत नाही. म्हणून ते लवकरात लवकर द्यावे लागते, आणि ७० किलोमीटरच्या रस्त्यावर वाया जातो तो हाच वेळ.

मण्यारीबद्दल मला थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडची माणसे फसतात ती तिच्याच बाबतीत. एका जुलैत, घरात खाली अंथरूण टाकून झोपलेला एक तरुण पहाटे पोटदुखीने उठला. अंगावर सूज नव्हती, दाताची खूणही दिसत नव्हती, म्हणून घरच्यांनी अजीर्ण समजून ओवा दिला आणि नंतर विष उतरवणाऱ्या जाणत्याने कडुनिंबाचा पाला चावायला लावून तो कडू लागतो म्हणजे विष नाही, असा निर्वाळा दिला. तो केंद्रात पोचला तेव्हा डोळे उघडे ठेवण्यासाठी कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढत होता, तरी पापण्या खाली येत होत्या आणि लाळ गिळता येत नव्हती. डॉक्टरांनी प्रतिविष सुरू केले, घशात नळी घातली आणि जिल्ह्याला पोचेपर्यंत गाडीत आम्ही दोघांनी आळीपाळीने हाताने श्वासाची पिशवी दाबली. तो वाचला, पण पाल्यात गेलेले दोन तास मी अजून विसरलेलो नाही. म्हणून पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी, गिळताना त्रास किंवा जड पापण्या जाणवल्या, तर साप दिसला नसला तरी सर्पदंशच समजून निघावे.

घोणसीचे लक्षण वेगळे असते: दंशाची जागा झपाट्याने सुजते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी कमी होते. तिच्यासाठी केंद्रात एक साधी तपासणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे हे कळते. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून रुग्ण बरा दिसला तरी २४ तास त्याला घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

घरून निघताना दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, बांगड्या, जोडवी, करदोडा काढावा आणि रुग्णाला चालू देऊ नये. घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांनी केवळ हानी होते. साप मारण्यात किंवा शोधण्यातही वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, पण गाडी दूर असेल तर रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघावे आणि निघतानाच केंद्रात कळवावे.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आहेत. आपल्याकडे त्यात ओलिताच्या रात्रींची भर पडते, कारण लाइट रात्रीची असली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात धुऱ्यावरून चालतो. त्याच्याकडे गमबूट आणि बॅटरी असलीच पाहिजे. घरात खाट नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचून झोपावे. हिवतापासाठी वाटलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, आणि ती पेटीत घडी करून ठेवलेली पाहिली की मला फार वाईट वाटते. पऱ्हाटीचा ढीग आणि कुटार झोपण्याच्या भिंतीपासून दूर असावे.

राहिली रात्री डॉक्टर नसण्याची आपली शंका, आणि ती रास्त आहे. मृग लागण्याआधी सरपंच आणि आशाताईंना घेऊन केंद्रात जा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारा: प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, त्यांची मुदत कधी संपते, मुक्कामी कोण राहते, आणि तिथे सोय नसेल त्या रात्री सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते. तिथला आणि केंद्राचा फोन नंबर गोठ्याच्या दारावर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा.