क्रिएटिनिन नॉर्मल, तरी लघवीत प्रथिन?

प्रश्न : मला मधुमेह आहे. क्रिएटिनिन ०.९ आलं, पण लघवीत अल्ब्युमिन सापडलं. मूत्रपिंडं नीट गाळत असतील, तर हे कसं?

उत्तर : दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ; त्यावरून किती रक्त गाळलं जातंय याचा अंदाज येतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन; लघवीतल्या त्याच्या प्रमाणावरून गाळणी कितपत शाबूत आहे हे कळतं.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणारे सूक्ष्म घटक, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. त्यात रक्त आणणारी धमनिका बाहेर नेणारीपेक्षा रुंद असते, म्हणून आत दाब टिकतो आणि पाणी, क्षार, युरिया, साखर गाळून निघतात. दिवसाला सुमारे १८० लिटर! त्यातलं ९९ टक्के पाणी पुढच्या नलिका परत शोषतात, म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते.

गाळणीला तीन थर असतात : सच्छिद्र पेशी, मधला पडदा आणि बाहेरून बोटं गुंफल्यासारख्या पोडोसाइट पेशी. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन इथेच अडतात. वाढलेली साखर आणि दाब हे थर खराब करतात, मग अल्ब्युमिन झिरपतं. क्रिएटिनिन मात्र बऱ्याचदा निम्मी क्षमता गेल्यावरच ठळकपणे वाढतं, त्यामुळे निव्वळ त्याच्यावर विसंबणं चुकीचं.

सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असावं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही आकडा फुगतो. म्हणून तीन महिन्यांत पुन्हा तपासा. तीन तपासण्यांपैकी दोनदा जास्त आलं, तर डॉक्टर उपचार ठरवतील.