गाडीत बसायचं म्हणून पाणी नको

"मॅडम, बाबांच्या डोक्यातून ते राजस्थान काढा. तुमचं ते ऐकतील."

दिवाळी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात पुण्याहून हा फोन आला. वडील 71 वर्षांचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आई 66 ची. दोघंच यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतात, चार एकर वावर मक्त्यानं दिलेलं. टूरवाल्यांसोबत नाही, मुलांसोबत नाही, दोघंच रेल्वेनं जोधपूर-जैसलमेरला जाणार आणि तिथून पुढं वाळवंटात, असं त्यांनी ठरवून टाकलेलं. बाबांना बीपी, एक गुडघा दुखरा. "तिकडं रेतीत काही झालं तर मी पुण्याहून कधी पोचणार?"

मी समुपदेशक, अशी विचारणा माझ्याकडे वर्षातून चार-पाचदा तरी होते. कधी ठिकाण चारधाम असतं, कधी लेकीकडं दुबई, काळजी एकाच साच्यातली. मुलाला मी सांगितलं, परवानगी देणं किंवा अडवणं माझ्या हातात नाही, पण त्यांना बोलायला यायचं असेल तर जरूर येऊ देत. (इथं लिहिलेलं सगळं त्या दोघांना विचारून लिहिलंय. खेड्याचं नाव तेवढं गाळलंय.)

आले. मेडिकलच्या दुकानामागं माझी खोली आहे, बुधवार-शनिवार मी तिथं बसते. आल्या-आल्या दोघांपुढं पाण्याचे ग्लास ठेवले. काकांनी पिशवीतून डायरी काढली. गाड्यांच्या वेळा, अंतरं, मुक्काम, सगळं सुवाच्य अक्षरात. जैसलमेर ते सम, म्हणजे रेतीच्या टेकड्यांचं गाव, चाळीस किलोमीटर, सरहद्दीजवळचं तनोट मातेचं देऊळ एकशेवीस, पुढं 71 च्या लढाईचं लोंगेवाला. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला रस्त्याची भीती नसते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. काकू ऐकत होत्या.

चाळीस मिनिटं झाली आणि माझं लक्ष ग्लासांकडं गेलं. दोन्ही काठोकाठ भरलेले.

"पाणी घ्या ना."

"नोको बाप्पा," काकू म्हणाल्या, "आता यष्टीत बसाचं हाय ना."

आणि काका हसून: "ड्युटीवर आमी डेपोतून निंगालो का मंग मुक्कामी पोचेस्तोवर पानी नाही. सवय हाय मॅडम. काई होत नाही."

मुलाला भीती वाळवंटाची होती. मला त्या क्षणी खरी भीती वाटली ती या दोन ग्लासांची. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे आपण इतकं गृहीत धरतो की कोणी बोलतसुद्धा नाही. वाटेत जागा मिळेल की नाही, स्वच्छ असेल की नाही, उकिडवं बसून उठता येईल की नाही, त्यापेक्षा तोंड कोरडं बरं. वय झालेल्या पुरुषांचं कारण वेगळं असतं, पण गप्प बसणं तेच. चार-पाच सरळ प्रश्न विचारल्यावर काकांनी सांगितलं की रात्री तीन-चारदा उठावं लागतं, आणि लागली की थांबवत नाही. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. टूरवर न जाण्याचं कारण मात्र हेच होतं. तीन वर्षांपूर्वी एका टूरसोबत गेले होते तेव्हा "गाडी थांबवा" म्हणायची लाज वाटली, गुडघ्यामुळं मागं पडायचे, शेवटचे दोन दिवस बसमध्येच बसून काढले. पोराला ते म्हणाले होते, "मले कोनाच्या शिट्टीवर चालाचं नाही." पोरानं त्याचा अर्थ हेका असा लावला.

वय वाढतं तशी तहानेची जाणीवच कमी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण तहान लागत नाही. त्यात बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. वाळवंटातली हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि जागच्या जागी वाळतो, अंग ओलं लागत नाही म्हणून पाणी गेल्याचं कळत नाही. आपल्या मे महिन्यात उन्हाचा चटका बसतो, म्हणून माणूस निदान सावध तरी होतो. तिकडं थंडीच्या दिवसात गार वारा असतो आणि पाणी प्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. मग उठताना भोवळ येते, पडणं होतं, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरचे म्हणतात, "वयात हे असं होतंच."

त्या दिवशी काकांना बाहेर चहाला पाठवून मी काकूंशी एकटीनं बोलले. हे मी नेहमीच करते, जोडप्यात एकजण बोलतो आणि दुसरा मान हलवतो तेव्हा तर नक्कीच.

"त्यायले कशाला दोष देता," त्या म्हणाल्या. "वाळवंट मलेच पाह्यचं हाय."

मला हे अपेक्षित नव्हतं. मुलालाही नव्हतं, नंतर कळलं. काकूंचं सगळं आयुष्य काळ्या मातीत गेलं. पावसाळ्यात निंदण करताना एका पावलाला किलोभर चिखल चिकटतो, चप्पल हातात घ्यावी लागते, घरी आल्यावर खापरीनं पाय खरवडावे लागतात. कुठल्याशा दुकानाच्या कॅलेंडरवर त्यांनी रेतीच्या टेकड्या पाहिल्या. ते पान त्यांनी फाडून ठेवलंय, पुढच्या भेटीत दाखवायला आणलं. "अशी माती, का पायाले लागतच नाही," म्हणाल्या. "एकदा चालून पाह्यचं."

मग ठरवाठरवी. पहिलं काम डॉक्टर. मी समुपदेशक आहे, गोळ्यांत मी हात घालत नाही, आणि प्रवासासाठी लघवीची गोळी परस्पर बंद करणाऱ्यांना मी रागावतेसुद्धा. त्यांच्या डॉक्टरांनी काकांची प्रोस्टेटची तपासणी केली, औषध सुरू केलं, बीपीच्या गोळीची वेळ बदलून दिली आणि दिवसाला पाणी किती हे दोघांना लिहून दिलं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर हा आकडा वेगळा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही.

दुसरं, रंगीत तालीम. जानेवारीत दोन रात्री चिखलदरा. काका म्हणाले, हे काय, मी त्या घाटात शंभरदा गाडी नेलेली. म्हणूनच, मी म्हटलं, आता पाठीमागच्या सीटवर बसून जा. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, जानेवारीची रात्र चांगली बोचते, वाळवंटातल्या पहाटेची थोडी कल्पना येते.

तालीम फसली. अमरावती ते परतवाडा काकांनी बाटलीचं झाकण उघडलंच नाही. परतवाड्याला उतरताना पायरीवरच डोळ्यांपुढं अंधारी आली, कंडक्टरनं धरलं म्हणून वाचले. काकूंनी त्यांना बाकावर बसवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, तासभर थांबल्या आणि पुढची गाडी धरून गेल्या. परत आल्या नाहीत, गेल्या! मला हे ऐकून फार बरं वाटलं. काका मात्र मान खाली घालून बसले होते. "तीस वर्षांत एक दिवस चक्कर नाही आली," एवढंच म्हणाले.

त्यानंतर काकूंनी आपली पद्धत काढली. केसांचे तीन रंगीत रबर काकांच्या बाटलीच्या गळ्यात. एक बाटली संपली की एक रबर काढून काकूंच्या मनगटावर, बांगड्यांशेजारी. जेवायच्या वेळेपर्यंत मनगटावर दोन दिसले नाहीत तर पुढं हलायचं नाही. असली युक्ती मला पंधरा वर्षांच्या कामात सुचली नव्हती.

बेत फेब्रुवारीचा ठरला. तोवर कापूस आणि तूर घरात येते, मक्त्याचा हिशोब मिटतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यानं रखडतात, ते टळतं. जैसलमेरला फेब्रुवारीत दुपारी 27-28 अंश आणि पहाटे 10-11 असतं. माघ पौर्णिमेला तिथं मरु महोत्सव असतो, त्या गर्दीचे दिवस सोडून तारखा धरल्या. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, 120 नाही, हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, पण साठीपुढचे पुरुष आणि 45 पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. त्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी चालतात. शकुंतला ही छोटी रेल्वे बंद पडल्यापासून दारव्ह्याला गाडी नाहीच, त्यामुळं एसटीनं बडनेरा, तिथून अहमदाबाद, तिथं एक रात्र पाठ टेकायची, मग जोधपूर. काकूंना एसटीत अर्धं तिकीट. काकांना ती रात्र वाया वाटत होती. मी ऐकलं नाही.

तनोट-लोंगेवाला मी खोडलं, काकांचा चेहरा पडला तरी. एका दिवसात अडीचशे किलोमीटर बसून जायचं, आणि कशासाठी? जैसलमेरचा किल्ला 1156 चा, आत आजही लोक राहतात आणि उतरायला जागाही मिळते, पण चढ आणि फरसबंदी गुडघ्याला सोसणार नाही. म्हणून खाली गावात खोली. तंबूतली रात्र घरून नोंदवायची नाही, आधी एक संध्याकाळ समला जाऊन यायचं, मग तिथंच ठरवायचं. तंबूवाल्याला तीनच प्रश्न: संडास तंबूला जोडून आहे का, कमोड आहे का, रात्री दिवा असतो का. उंटाऐवजी उंटगाडी. जीपनं टेकड्यांवर उड्या मारणं पाठीच्या मणक्याला या वयात अजिबात नको. काकांची सत्तरी उलटलेली, तेव्हा सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांसाठी मिळणारं आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घेतलं. जैसलमेरला जिल्हा रुग्णालय आहे, मोठं काही निघालं तर जोधपूरला एम्स.

मुलाशी माझं पुन्हा बोलणं झालं. "आईला जायचंय?" हे त्यानं दोनदा विचारलं. मग बराच वेळ गप्प. त्याला मी दोन कामं दिली: खालचे बर्थ मिळवायचे, आणि जैसलमेरमधला एक भरवशाचा गाडीवाला हॉटेलकडून ठरवून घ्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्याही नंबरवर आगाऊ पैसे न पाठवता. त्याला वडिलांचं लाइव्ह लोकेशन हवं होतं. "मी काय फरार हावो का?" असं उत्तर आलं. शेवटी रोज रात्री आठला फोन, यावर मिटलं. चुकला तर नऊपर्यंत घाबरायचं नाही, हेही त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मार्चमध्ये दोघं भेटायला आले. समला त्यांना करमलं नव्हतं. कॅम्पातली मोठ्या आवाजातली गाणी, गर्दी, जीपांचा धूर. तंबूचा विचार तिथंच सोडला, नऊला खोलीवर परत. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्यानं खुरीला नेलं, तिथं निवांत होतं. काकू चपला काढून टेकडीवर चढल्या. रेती जोडव्यांत गेली, ती घरी येईस्तोवर निघत होती. काका खाली खाटेवर बसून होते. फोटोत बाटली दिसते, गळ्यात एकच रबर.

काका औषध घ्यायला पुढच्या दुकानात गेले तेव्हा काकूंनी खुर्ची जवळ ओढली.

"उंटावर बसली होती मी. पोराले नका सांगू." आता सहा महिन्यांनी त्यांनीच त्याला सांगितलंय, म्हणून लिहिते.

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बजावलं, "त्याचे मागचे पाय आंधी उठते मॅडम. मंग मानूस तोंडावर जाते. तवा मांगं रेलाचं, चांगलं मांगं. आन बसतानी भी तसंच."

आणि ग्लास उचलून पाणी प्यायल्या.