क्लिप की कॉइल? आणि स्टेंटनंतरची दाढ

प्रश्न: आईला (वय 54) अचानक प्रचंड डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. सांगलीत सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं, मधल्या धमनीच्या फाट्यावर 6 मिमीचा फुगा (धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा) निघाला. दुसऱ्याच दिवशी कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप (धातूचा चिमटा) बसवली. आता ती घरी आहे, पण पाहुणे म्हणतात, पुण्याला नेलं असतं तर जांघेतूनच काम झालं असतं. आमचं चुकलं का? – वाचक, विटा

उत्तर: नाही. फुटलेला फुगा पहिल्या 24 तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणाहून पेशंट हलवण्यात तेवढा वेळ गेला असता.

पाहुणे म्हणतात तो जांघेतून नळी घालून करायचा उपचार म्हणजे कॉइल, प्लॅटिनमची बारीक तार. ती फुग्यात वेटोळी घालून बसते, तिच्याभोवती रक्त गोठतं आणि फुगा आतून बंद होतो. फुग्याची मान अरुंद असेल तरच वेटोळी आत टिकतात. मान 4 मिमीहून रुंद असली की ती मूळ धमनीत सरकू शकतात, मग बलूनचा किंवा स्टेंटचा (धमनीत बसवायच्या जाळीच्या नळीचा) आधार लागतो. स्टेंट आला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आल्या, आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या मेंदूला त्या धोक्याच्या. मधल्या धमनीच्या फाट्यावर तर फांद्या बऱ्याचदा फुग्याच्या मानेतूनच निघतात. ही जागा बाजूने कवटी उघडून गाठायला सोपी, म्हणून तिथे क्लिपकडे कल असतो. खोलवरच्या बॅसिलर धमनीच्या टोकाला मात्र आधी कॉइलचाच विचार होतो.

कॉइल आणि क्लिप यांची तुलना करणाऱ्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आयसॅट चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात 23.7 टक्के आणि क्लिपच्या गटात 30.6 टक्के होतं. फरक खरा आहे. पण दोन्ही उपचार चालतील असेच 2143 रुग्ण त्यात घेतले होते, आणि मधल्या धमनीचे फुगे त्यांत थोडेच होते. तुमच्या आईला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

आता लक्ष गोळ्यांकडे द्या. निमोडिपिन साधारणपणे 60 मिग्रॅ दर 4 तासांनी, एकूण 21 दिवस देतात, रात्री उठवूनसुद्धा. फुगा फुटल्यावर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात धमन्या आकसतात आणि बोलणं किंवा हात-पाय जाऊ शकतात, तो धोका कमी करायला ही गोळी असते. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. बीपी उतरलं, तर डोस विभागायचा की कमी करायचा हे डॉक्टरांना विचारा. पुढच्या काही आठवड्यांत चाल अडखळली, सुस्ती वाढली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर डोक्यात पाणी साठत असेल. लगेच सीटी करा. क्लिपची कंपनी आणि धातू लिहिलेला कागद जपून ठेवा, एमआरआयच्या आधी तो दाखवावा लागतो. आईखेरीज तिच्या एखाद्या सख्ख्या भावंडालाही असा फुगा निघालेला असेल, तर बाकीच्या भावंडांची आणि तुमची एमआर अँजिओग्राफी (एमआरआयवर धमन्यांची तपासणी) करावी का, हे न्यूरोसर्जनना जरूर विचारा.

प्रश्न: वडिलांना स्टेंट आणि कॉइल बसवून दोन महिने झाले. दाढ काढायची आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद करू का? – वाचक, कराड

उत्तर: स्वतःहून अजिबात नको. स्टेंटच्या जाळीवर धमनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर गोळ्या थांबल्या तर जाळीवर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. दाढ थांबण्यासारखी असेल तर पुढे ढकला. नसेल तर गोळ्या चालू ठेवूनच काढता येते: एका वेळी एकच दाढ, टाका, अर्धा तास घट्ट दाबलेला बोळा. हिरडीतलं रक्त बाहेरून दाबून थांबवता येतं, मेंदूतली गुठळी तशी निघत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळा. पित्तासाठी ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना विचारून पँटोप्राझोल करून घ्या, कारण ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो.