घारापुरीला पहिल्यांदा निसर्ग पाहायला जाताय? आधी तिथी पाहा

लेणी दिवसभर दिसतात, पण किनाऱ्यावरची जीवसृष्टी फक्त ओहोटीत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. पंचमी-षष्ठी उत्तम. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असल्याने पाणी फारसं हटत नाही.

धक्क्याला उतरल्यावर मिनी ट्रेन सोडा, चालत जा. तिवरांजवळ दहा मिनिटं अजिबात हलू नका. पावलांच्या हादऱ्याने निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) आणि खेकडे बिळात शिरतात, आणि नवखे ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढे निघतात! थांबलात तर एकच नांगी मोठी असलेला नर खेकडा ती हलवत मादीला बोलावताना दिसेल. तिवराचं पानही निरखा, त्यावर मिठाचे बारीक कण असतात. झाड जादा मीठ असं बाहेर टाकतं.

चिखलात मात्र उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं तुटतात. पाहुण्या पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडं हिसकावतात.